घरातल्या माणसाला न दिलेला निरोप

मोन्यवा, १४ जुलै २०२४

प्रिय प्ये सोन,

पत्र पोचलं, तर भाजीच्या गाडीवरच्या मावशी शब्दाला जागल्या असं समज. इकडे आम्ही आहोत. आईचा गुडघा सुजलाय, पण कुरकुरायला अजून दम आहे. आमच्या पोरीचा, इंजीनचा, पुढचा दात पडला. मामाला दाखवायचा म्हणून डबीत ठेवलाय.

तुमच्या त्या निरोप पाठवायच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती मिळाली. शाळेतल्या अकराही शिक्षिकांच्या फोनमध्ये घातली. सगळ्या सुखरूप आहेत. तुम्ही पोरं तिकडे सीमेपलीकडे च्यांग मायमध्ये फुकट राबता, आतलं लिखाण कुणालाही तपासू देता, म्हणूनच जुन्या आवृत्तीतली ती चूक सापडली. एवढं मला कळतं.

तू तीनदा विचारलंस, "दाजी उत्तर का देत नाहीत?" मी कामाचं निमित्त सांगितलं. खोटं होतं ते.

जेयाला लष्करानं नेलंय. तेवीस जूनला, औषधाच्या दुकानातून.

"जुनी आवृत्ती लगेच काढा, तिच्यातून ठिकाण उघडं पडतंय," हा तुझा निरोप मला एकोणीसलाच मिळाला होता. उन्हातान्हात अकरा घरं फिरले. जेयाच्या फोनमध्येही सगळं मीच घालून द्यायची. त्याला तेवढं सांगितलं नाही. आम्ही बोलत नव्हतो रे. मी म्हणत होते, पोरीला घेऊन सीमेपलीकडे जाऊ. तो म्हणाला, "आणि गावांना औषधं कोण पोचवणार, तुझा भाऊ?" त्यावर चार दिवस मी तोंड उघडलं नाही. ताट ठेवायचे आणि पाठ फिरवायचे. तो जुन्याच आवृत्तीवरून गावांना निरोप पाठवत राहिला.

आईला वाटतं, तो औषधं घेऊन गेलाय. मी रोज तुरुंगाच्या फाटकावर डबा नेत होते. काल शिपायानं तो परत दिला.

"या नावाचा इथं कुणी नाही."

"मग कुठंय?"

"बाई, घरी जा. पोरंबाळं असतील तुला."

प्ये सोन, त्याचा फोन कुठं सुरू झाला, हे तुम्हाला आतून दिसतं का? बनवणाऱ्यालाही दिसू नये असंच ते बनवलंय, माहितेय मला. तरी पुढच्या आवृत्तीत एक फट ठेव. एकदाच. बहिणीसाठी.

नको. वरचं खोडत नाही, पण ऐकू नकोस माझं. त्या फटीतून उद्या तेच आत येतील, आणि त्या अकरा जणींनाही लेकरं आहेत.

काम सोडू नकोस. तुझा निरोप वेळेत आला होता.

आईला काही कळवू नकोस. मला रागावून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

जेयाला एक शब्द न बोललेली,
तुझी सान्दाताई