लिलीखालच्या मधमाश्या

मी, आंथेल्म तिस्सो, वय वर्षे एकाहत्तर, जरीचे भरतकाम करणारा, ल्यों शहरी सें-जॉर्ज गल्लीत राहणारा, हे माझे अखेरचे इच्छापत्र स्वहस्ते लिहीत आहे. नोटरी पेराशों यांनी दिलेल्या मसुद्यात अकरा चुका होत्या. तो मी साभार परत केला. माझी बुद्धी जागेवर आहे. मी भ्यालेलो मात्र आहे. भय हे वेडाचे लक्षण नव्हे. सबब ते नमूद करण्यास हरकत नसावी.

कलम पहिले. दोन खोल्या, भरतकामाच्या तिन्ही चौकटी, सुया आणि उरलेली जर माझी सून पेर्नेत हिला द्यावी. तिचा नवरा, माझा एकुलता एक मुलगा जेरोम, बादशहाच्या फौजेबरोबर उत्तरेच्या बर्फात गेला तो परतला नाही. तेव्हापासून या घरातला प्रत्येक टाका तिचा आहे. माझ्याकडे केवळ नजर उरली. तिने हे सर्व नोटरींकरवी विकावे. खिडकीपाशी उजेड चांगला पडतो, एवढ्यासाठी मात्र तिने परत येऊ नये.

कलम दुसरे. समोरचा शिंपी ग्विशार याच्याशी माझे नऊ वर्षे वैर होते. त्याच्या पाटीवर ‘येथे उत्तम कोट शिवली जातात’ असे लिहिले आहे. ती पाटी मी स्वखर्चाने बदलून देऊ केली असता तो म्हणाला, “तिस्सोबुवा, गिऱ्हाईक कोट अंगात घालतं, पाटी नाही.” गेल्या महिन्यात त्याच्या खणात बादशहाच्या पक्षाची तिरंगी फीत सापडली म्हणून शिपाई त्याला घेऊन गेले. तो कोठे आहे हे कोणी विचारीत नाही. मीही विचारले नाही. वैर मी मागे घेतो. पाटी आहे तशीच राहू द्यावी.

कलम तिसरे. ग्विशारला का नेले हे मला ठाऊक आहे, म्हणून ते येथे क्रमाने लिहितो.

चार वर्षांपूर्वी आमचे गिऱ्हाईक, दरबारी गृहस्थ मस्यू द कॉर्बलां यांनी निळ्या मखमलीचा दरबारी कोट करविला. शिवला ग्विशारने, बादशहाचे चिन्ह म्हणून बेचाळीस मधमाश्या जरीने भरल्या आम्ही. पुढे बादशहा गादीवरून गेला, राजा परत आला आणि माश्या काढून तेथे राजाचे चिन्ह, लिलीची फुले, भरण्याचा हुकूम झाला. मखमलीवरील जर उसवली की लव दबते आणि सुईची भोके उघडी पडतात. असे काम मी हातावेगळे करू शकत नाही. मी माश्या तशाच ठेवून त्यांवर फुले बसविण्यास पेर्नेतला सांगितले आणि गिऱ्हाइकाला ‘काढल्या’ असे कळविले. माझ्या धंद्यातील हे एकमेव असत्य होय, आणि ते सर्वस्वी माझे आहे, तिचे नव्हे. माश्यांच्या उंचवट्यामुळे फुले इतकी उठावदार दिसली की दरबारात त्यांची वाहवा झाली.

यंदा मार्चमध्ये बादशहा अचानक परतला. कोटावर पुन्हा माश्या हव्यात म्हणून कॉर्बलां महाशय मागच्या दाराने आले. फुले उचलली, तो खाली माश्या शाबूत. ते हसत सुटले. “काढल्याच नव्हत्यास होय? लबाड आहेस, म्हाताऱ्या. बरं केलंस.” जुलैमध्ये बादशहा हरून राजा पुन्हा आला आणि तेही पुन्हा आले. “फुलं हलकीच लाव हो. कोण जाणे, परत काढावी लागतील.”

आता ते बादशहाच्या माणसांना हुडकणाऱ्या राजाच्या समितीवर आहेत. त्या फुलांखाली काय आहे हे त्यांच्याखेरीज तिघांनाच ठाऊक होते: पेर्नेतला, मला, आणि दर वेळी कोटाचे अस्तर उसवून पुन्हा लावणाऱ्या ग्विशारला. त्यांपैकी ग्विशार गेला.

काल त्यांचा नोकर चिठ्ठी घेऊन आला: डाव्या बाहीवरचे एक फूल सुटू लागले आहे, रविवारी नगरभवनात समारंभ आहे, सुनेला सुई घेऊन उद्या वाड्यावर पाठवावे. दुसऱ्या कारागिराला कोट दाखवावा, तर माश्या त्यालाही दिसणार; म्हणून त्यांना तिचीच सुई हवी, आणि काम झाले की तीही ग्विशारच्या वाटेने जाणार.

आज पहाटे पेर्नेतला मी जिनिव्हाच्या गाडीत बसविले. ती बसत नव्हती. “मामंजी, तुमच्याच्यानं सुईत दोरासुद्धा ओववत नाही. तिथं जाऊन करणार काय?”

“बोलेन,” मी म्हणालो.

“तुम्ही त्यांची वाक्यं दुरुस्त कराल आणि ते तुम्हाला आत टाकतील.” असे म्हणून ती हसली, आणि मग तोंडावर रुमाल धरून बसली. गाडी पुलापलीकडे जाईपर्यंत मी उभा होतो. मग घरी येऊन हे लिहायला बसलो.

कलम चौथे. मी मेलो तर मला माझ्या तपकिरी साध्या कोटात पुरावे. त्यावर फूल नको, माशी नको.

कलम पाचवे आणि शेवटचे. हे कलम मी आज कॉर्बलां महाशयांना त्यांच्याच दिवाणखान्यात तोंडपाठ म्हणून दाखविणार आहे. शक्यतो उभ्याने.

‘हलकीच लाव’ या आज्ञेप्रमाणे कोटाच्या पाठीवरील व छातीवरील सर्व फुले एकाच दोऱ्याने, साखळीटाक्याने लावलेली आहेत. अशा टाक्याचे मोकळे टोक ओढले की सारी ओळ सरसर उसवते, फुले गळतात आणि खालच्या माश्या उघड्या पडतात. ते टोक कोटाच्या मागील बाजूस आहे. चुकून चिकटलेल्या धाग्यासारखे ते दिसते; एखादा नीटनेटका मनुष्य सौजन्यापोटी तो धागा काढू जाईल. नेमकी जागा पेर्नेतला आणि मला ठाऊक आहे, आणि ती एका बंद पाकिटात पेराशों यांजकडे ठेविली आहे.

ते पाकीट मी मस्यू द कॉर्बलां यांना मृत्युपत्राने देत आहे. अट एकच: पेर्नेत सुखरूप पोहोचल्याचे, तिच्या अक्षरातील पत्र नोटरींच्या हाती आले पाहिजे. ती वाटेत अडविली गेली, तर पाकीट नगरभवनाच्या हुजऱ्यास द्यावे. पाहुण्यांचे कोट झटकण्याचे काम त्याचे आहे.

रविवारपर्यंत ते पत्र येणे शक्य नाही. तोवर महाशयांनी कोणाकडेही पाठ करून उभे राहू नये.

साक्षीदार कायद्याने आवश्यक नाहीत. मी माझ्या समाधानासाठी बोलाविले. त्यांनी माझा हात लिहिताना पाहिला, मजकूर पाहिला नाही. तेच त्यांच्या हिताचे.

क्लोदियुस शार्व्हें, पाववाला (सही)
युग मोलार, पुस्तकबांधणी करणारा (सही)

आंथेल्म तिस्सो
(सही वाकडी आली आहे, ती माझीच आहे.)

ल्यों, शुक्रवार, १७ नोव्हेंबर १८१५, सकाळचे अकरा. वाड्यावर पेर्नेतला बाराला बोलाविले आहे; तिच्याऐवजी मी जातो.