एकीच्या चौघी

१२ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हसू नकोस, पण तुझी भाची सध्या चार जणी झाली आहे. विद्यापीठाने विविधता समिती नेमली. समितीत पाच गृहस्थ, पाचही एकाच वसतिगृहात वाढलेले! आमच्या भूगर्भशास्त्र विभागात सगळे एका साच्याचे दिसतात, हा शोध त्यांना परवा लागला. मग माहितीपत्रकाच्या फोटोंसाठी विभागातल्या एकुलत्या एका बाईला, म्हणजे मला, कामाला जुंपलं. स्कार्फ बांधून विद्यार्थिनी, चष्मा लावून प्राध्यापिका, केस मोकळे सोडून परदेशी संशोधक, आणि पाठमोरी उभी राहून ‘इतर’.

मला कसली हौस! पण पुढच्या महिन्यात कायम जागेची मुलाखत आहे, आणि ती हेच लोक घेणार. नाही म्हणायची छाती झाली नाही. दरवर्षी करार संपत आला की पुन्हा नव्याने अर्ज खरडत बसायचं, त्याचा वीट आलाय रे मामा.

औषधं वेळेवर घे. लोभ चौपट असावा.

तुझी ठमी

२० जून

चि. ठमीस,
अ. आ.

पाठमोरी वाचून चहा नाकात गेला. जन्मभर नटांच्या तोंडाला रंग फासला मी, पण दोन भूमिका गळ्यात पडल्या की तेसुद्धा दीड पगार मागायचे. तू चार केल्यास, त्याही फुकट! वेडी कुठली.

आता जागा मात्र घेच. तुझी आई रोज फोन करून माझं डोकं खाते.

चौघींचाही,
मामा

१८ जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि.

जागा गेली. अध्यक्ष अगदी जिव्हाळ्याने म्हणाले की तुमच्या विभागात बायका आता पुरेशा झाल्या. पुरावा म्हणून माहितीपत्रकच पुढे सरकवलं. त्या चारही मीच आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं, आणि पाठमोरी तरी नक्की वेगळी आहे, असं बजावलं. जागा त्यांच्या जावयाला मिळाली. पुरुषांचं प्रमाण घसरायला नको ना!

घरी येऊन ढसाढसा रडले. मग उठले आणि चार राजीनामे खरडले, चौघींचे चार. मेल्यांना वाचून तरी लाज वाटेल म्हटलं.

चारही मंजूर झाले. पाठमोरीचे तर समितीने खास आभार मानलेत.

आईला तूच सांग. आणि लोभ आता एकटीपुरताच पाठव.

तुझी ठमी