कंसातला क्लोरीन

सर,

तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. मीही आता जिंतुरातच, तुमच्याच फळ्यापुढे उभा राहून बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. तुमची खडूची पद्धत मी सोडलेली नाही. रोज फळ्यावर मुद्दाम एक चूक करायची आणि जो पकडेल त्याला नवाकोरा, अख्खा खडू द्यायचा. बोरीहून एसटीनं येणारा मी तुमचे खडू घरी नेऊन चुलीमागच्या भिंतीवर सूत्रं लिहायचो. आई वैतागायची, पण पुसायची नाही. त्यातला एक दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. पोटॅशियम फेरोसायनाइडमधल्या लोखंडाचा ऑक्सिडेशन नंबर तुम्ही काढताय. ‘लेका, आधी कंसाबाहेर कोण हाय ते बघ, आत शिरायची घाई नको,’ हे तुमचं रोजचं. बाहेर पोटॅशियम चार, आणि तुम्ही धरता तीन. उत्तर येतं अधिक तीन. ‘सर, अधिक दोन!’ मी ओरडतो आणि खडूसाठी हात पुढे करतो. तुम्ही फळ्यावरचे आकडे पुन्हा एकदा मोजता. मग खडू माझ्या हातावर ठेवता आणि सगळ्या वर्गाला सांगता, ‘आज मुद्दाम न्हाई केलं रे. खरंच चुकलो.’ वर्ग हसला, मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला फार उशिरा वाटली.

आज मी कोबाल्टचं संयुग घेतलं होतं. कंसात पाच अमोनिया, त्यांचा भार शून्य. एक क्लोरीन कंसात, दोन बाहेर. तुमचं ऐकून आधी बाहेर बघितलं, पण आत जायचंच राहिलं. अधिक तीनच्या जागी अधिक दोन लिहून मोकळा झालो. पोरांनी मुकाट्यानं उतरवूनही घेतलं. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी उठली. ‘सर, आतला क्लोरीन ऱ्हायला की.’ मी काही बोलायच्या आत तिनंच हसून विचारलं, ‘मुद्दामच केलतं ना?’

‘मग काय!’ म्हणालो मी, आणि खडू दिला. काय खूश झाली ती.

घरी आलो तर हे सांगायला कुणी नाही. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी पुण्याहून फोन करते, जेवलात का विचारते. तिला कोबाल्टचं काय सांगणार? चुकलो म्हणायलासुद्धा समोर आपलं माणूस लागतं, हे एकटा राहायला लागल्यापासून कळलं. फार एकटं वाटतं, सर. म्हणून तुम्हाला लिहिलं. कागद कुठं जायचा नाही, हजेरीच्या वहीत राहील.

‘उद्या तिला खरं सांगेन’ असं वर लिहिलं होतं, ते खोडलं. सांगेन की नाही, मलाच माहीत नाही. आज तुम्हाला तरी खोटं नको.