बॅटरीवरचे पाच पॉइंट

३ जानेवारी
पुन्हा वीज गेली – पाच तास! थंडीत उबवणी यंत्रातली चौपन्न अंडी गारठून गेली. अजून तीन दिवसांत पिल्लं बाहेर आली असती. माझ्याकडून पिल्लं नेणाऱ्या बाई फोनवर शांतपणे म्हणाल्या, "आता परत असं झालं तर मी दुसरीकडून घेईन हो." त्या गेल्या तर माझा धंदा बसलाच. यंत्र विकावं लागेल.

५ जानेवारी
गच्चीवर सोलर! दोन दिवस डोक्यात दुसरं काही नाही. ह्यांनी लगेच वही काढली. बँकेतून रिटायर झाले तरी खोड जात नाही. नुसत्या पॅनेलचे पैसे सहा वर्षांत वसूल, बॅटरीसकट अकरा. "बॅटरी कशाला? दिवसा वीज गेली तरी ऊन असतंच की." मलाही पटलं!

८ जानेवारी
नाही पटलं! वायरमन म्हणाला, बॅटरी नसेल तर बाहेरची वीज गेली की पॅनेलही बंद पडतात – तारांवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. म्हणजे गच्चीवर लख्ख ऊन आणि घरात ठणठणाट! ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी बॅटरीची किंमत पिल्लांत मोजली – चार हजार पिल्लं. काढीन की! ह्यांनी वहीत 'पिल्लं' असा नवा रकाना आखला.

१४ जानेवारी
दोन्ही घेतोय! बॅटरी छोटी, तिच्यावर पाचच पॉइंट चालणार. कोणते, यावरून घरात रणकंदन. नणंदेचा मिक्सर बाद, ती फुगून बसली. शेवटी ठरले – हॉलमधला यंत्राचा पॉइंट (तो मी आधी लिहायला लावला), फ्रिज, दोन दिवे आणि ह्यांचा टीव्ही. नवी नव्वद अंडी परवाच लावलीत.

२२ जानेवारी
सोलर बसलं! भिंतीला भोकं पाडायच्या आधी आम्ही दोघांनी यंत्र अलगद उचलून आतल्या खोलीत नेलं. अंड्यांवर धूळ नको. नणंद म्हणाली, "तिथेच राहू दे गं वहिनी, वारा लागत नाही." खरंच, किती सोयीचं!

२४ जानेवारी
मोबाईलवर बॅटरी दिसते. हे तासातासाला वाचून दाखवतात. शंभर टक्के!

३१ जानेवारी
सकाळी अकराला वीज गेली आणि आमचा टीव्ही चालूच! सगळी गल्ली मॅच बघायला हॉलमध्ये. चहाची तीन आधणं झाली. हे वही उघडून एकेकाला पटवताहेत, मी मध्येच माझ्या पिल्लांचं घोडं दामटतेय. चार तास झाले तरी बॅटरी शंभरच्या खाली येत नाही – वरून ऊन भरतंय ना! बाईंना फोन केला, परवा पिल्लं निघतील, पेटी घेऊन याच. इतकी खूश मी कित्येक वर्षांत नव्हते.

३१ जानेवारी, संध्याकाळी
अंड्यांना ओलावा हवा म्हणून यंत्रात पाणी ठेवायला आतल्या खोलीत गेले. यंत्र बंद. अंडी गार. त्या खोलीतला पॉइंट बॅटरीवर नाहीच. हॉलमधल्या, यंत्राच्या पॉइंटवर नणंदेचा मोबाईल चार्ज होतोय.

बाई परवा येतील. मीच बोलावलंय.