न बदललेला खांदा

गिरनारच्या पायथ्याहून

तीर्थरूप बापूंना वशरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहे, जेवतो वेळेवर. फक्त उजवा हात केस विंचरायलासुद्धा वर जात नाही.

तुम्ही बजावलं होतंत, शंभर पायऱ्या झाल्या की डोलीचा खांदा बदलायचा. मी उजव्यावरच रेटत राहिलो. बाकीचे डोलीवाले "वाघ आहेस!" म्हणायचे, ते गोड लागायचं. परवा अर्ध्या वाटेत अशी कळ आली की डोली खाली टेकवावी लागली. आतल्या समजुबा, सत्तरी उलटलेल्या, उतरून काठी टेकत चढायला लागल्या. मला तोंड वर करवेना.

आता मिठाच्या पुरचुंडीनं शेकतो, भिंतीवर बोटं चालवत हात हळूहळू वर नेतो. महिनाभर ओझं बंद. आईचे गुडघे कसे आहेत? तिला यातलं काही सांगू नका.

एक राहिलं. जाताना समजुबांनी विचारलं, "गाढवा, खांदा बदलायला बापानं शिकवलं नाही का?"

तुम्हाला बोल लागू नये म्हणून मी खोटंच म्हटलं, "बाप लहानपणीच गेला."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बापू.

तुमचाच,
वशराम