पंधरा ग्रॅमचं खोटं

प्रिय मामा,

तू गेल्यानंतर तुला लिहितेय ते हे पहिलंच पत्र, आणि ते भांडायला लिहितेय. रविवारी माझी शर्यत आहे, डोंगरातली, चार फेऱ्यांची. सायकल खोलून अंगणात पसरली आहे, हात ग्रीसने काळे झालेत आणि तुझी लबाडी आज दुपारी उघडी पडली आहे.

कर्जतच्या बाजारात काटे दुरुस्त करण्यात तुझा जन्म गेला. किराणावाल्यांपासून सोनारांपर्यंत सगळ्यांचे काटे तुझ्या हाताखालून गेले. मच्छीवालीच्या काट्यात पंधरा ग्रॅमचा फरक निघाला म्हणून तू भर बाजारात तिच्याशी वाद घातला होतास, आठवतं? "पंधरा ग्रॅम काय थोडं हाय का? गिऱ्हाइकाच्या पोटातलं काढतेस तू." मी शेजारी उभी, शाळेच्या गणवेशात, लाजेने अर्धमेली झालेली. आणि तोच तू माझ्याशी असं वागलास?

संघाकडून कार्बनची सायकल मिळाली तेव्हा मी ती आधी तुझ्या दुकानात आणली होती. तू ती दोन बोटांवर उचललीस, जरा हलवून बघितलीस आणि म्हणालास, "अजून उतरंल."

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. "रंग कशाला पायजे गं? सायकल काय लग्नाला चाललीय?" असं म्हणत तू पाण्याच्या पॉलिशपेपरने तीन दिवस घासून फ्रेमचा रंग उतरवलास, खालच्या कार्बनला ओरखडाही न पाडता. सीटची दांडी आत उगाच चार बोटं लांब होती, ती कापलीस. हँडलची टोकं कापलीस, मुठी कापल्यास. कापलेला प्रत्येक तुकडा सोनारी काट्यावर ठेवून मला आकडा वाचायला लावायचास. मामी दारातून म्हणाली होती, "माझ्या बांगड्या कधी इतक्या मन लावून बघितल्या नाय यानं." तू मान वर न करता उत्तर दिलंस, "त्या जड झालेल्याच बऱ्या." आम्ही दोघी किती हसलो होतो.

शेवटी राहिले सहा बोल्ट. चार हँडलचे, दोन पुढच्या ब्रेकचे. मी हट्टाने टायटॅनियमचे मागवले आणि तुझ्या हातात दिले. दुसऱ्या दिवशी सायकल टांगायच्या काट्याला लावलीस. आठ किलो नऊशे नव्वद. नऊच्या आत! मी दुकानात नाचले. शेजारच्या भांडीवाल्याला ओढून आणून आकडा दाखवला. तेव्हा तू पाठ फिरवून अवजारं का आवरायला लागलास, ते मला आज कळलं.

काल मामीने तुझा तो टांगायचा काटा आणि सरकारी शिक्क्याची वजनं मला दिली. "घरात ठेवून मी काय करू? तुलाच लागतील." शर्यतीआधी सायकल तोलावी म्हणून आज मी आधी काटा तपासला, तुझ्याच शिकवणीप्रमाणे. पाचचं एक आणि दोनची दोन वजनं लावली. नऊ किलो व्हायला हवेत ना? आठ किलो नऊशे पंच्याऐंशी दाखवतोय! तुझी वजनं चुकणं शक्य नाही. म्हणजे काटाच पंधरा ग्रॅम कमी दाखवत होता, आणि तो तुझ्याशिवाय कोणी उघडत नव्हतं.

मामा, तू चक्क काटा मारलास. तोही उलटा.

मग मी ते पंधरा ग्रॅम शोधत सुटले. टायटॅनियमला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून फ्रिजवरचा चुंबक आणून एकेका बोल्टला लावला. सहाच्या सहा चिकटले. पोलादी! वरून टायटॅनियमसारखे करडे करून बसवलेले.

मामीला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "मला ठाव हाय ते. वजनांच्या पेटीत तळाच्या कप्प्यात बघ." तिथे माझे सहाही टायटॅनियमचे बोल्ट कापडात गुंडाळलेले. मी चिडून म्हटलं, "मग मला सांगायचं तरी!" मामी म्हणाली, "सांगितलं असतं तर ऐकलं असतंस का गं? म्हनायचा, पोरगी त्या उतारावरनं अंगात आल्यासारखी येते. चढावर मागं राहिली तरी चालंल, उतारावर बोल्ट तुटाया नको."

मागच्या वर्षी, हे बोल्ट बसवल्यावर, ठाकुरवाडीच्या वरच्या वाटेवर सराव करताना मी पडले, हँडल खडकावर आपटलं, आणि तरी मी तीच सायकल चालवत घरी आले. तू धावत आलास आणि माझा फुटलेला गुडघा सोडून आधी हँडलचे बोल्ट चाचपलेस. मला केवढा राग आला होता. आठवडाभर मी तुझ्याशी धड बोलले नाही, त्याचं आज फार वाईट वाटतंय.

खरं सांगू? ते हलके बोल्ट हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. गेल्या खेपेला तिसरा नंबर चाकभर अंतराने गेला. चढावर मला एकेक ग्रॅम जाणवतो असं मी सगळ्यांना ऐकवत असते. पण तुझे पंधरा ग्रॅम मी अख्खा मोसम वाहिले आणि मला पत्ताही लागला नाही, याचं काय करू? एकटीच बसून हसले. नंतर जरा रडले, पण हसू जास्त होतं.

तुझेच बोल्ट परत बसवलेत. पान्याने हळूहळू आवळले, तू आवळायचास तसे.

आता एक वचन देते. रविवारी हरले तर तुझ्या पंधरा ग्रॅमना दोष देणार नाही. आणि जिंकले, तर लोक विचारतीलच, नेहमी विचारतात, की सायकल किती किलोची. वर्षभर मी छाती काढून नऊच्या आत सांगत आले. या वेळी खरं सांगीन, मामा. नऊ किलो, पाच ग्रॅम.

तुझी भाची,
सुमी