चष्म्यातलं देवघर

३ नोव्हेंबर
सुमनला स्कूटरवरून वडगावातून दवाखान्यात नेलं. मेंदूच्या आजारात माणूस काय विसरतं, त्याचा अभ्यास चाललाय तिथं. डोळ्यांना मोठा चष्मा बांधतात, आत खोटं घर दिसतं. त्यात पाहिलेल्या वस्तू कुठं होत्या, ते नंतर सांगायचं. सुमन त्या घराच्या दारातच अडली. "अवो, चपला कुठं काढू?" डॉक्टरबाई हसल्या. मग ही आत कोपरे धुंडाळत राहिली. "देव न्हाईत व्हय ह्या घरात? कसली माणसं म्हणायची ही!" किल्ली, छत्री, काही आठवलं नाही. येताना मागं बसून माझा खांदा घट्ट धरला होता.

१० नोव्हें.
बाईंना विचारलं, त्या घरात देव बसवता येतील का. "अभ्यासात धरता येणार नाही काका, पण बघते की." आमच्या देवघराचा फोटो दिला. दिवसभर बरं वाटलं.

१९ नोव्हें.
देव आले. सुमननं हवेतच हात जोडले, हवेतच काडी ओढली. मला समोर नुसती भिंत. आज किल्ली आठवली, छत्रीही. बाई म्हणाल्या, "काका, लई भारी!" आई यल्लम्मा, तूच गं...

२७ नोव्हें.
दिवेलागणीला तिला घरच्या देवांपुढं बसवलं. काड्यापेटी हातात दिली. तिनं परत केली. "ह्ये दुसऱ्यांचं देव. आमचं तिकडं हाईत. दिवा राहिलाय, जाऊ द्या मला." माझ्याशी लग्न होऊन आली तेव्हा ह्याच देवांपुढं वाकली होती. दिवा मी लावला. चहा दिला तर पदर सावरून म्हणाली, "कशाला तरास? पावनी हाय मी."
फोटो मीच दिला होता.

४ डिसें.
बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "थांबवूया का काका?" थांबवलं तर ती दिवा लावते ते घरही गेलं. उद्या सांगतो म्हटलं. त्या घरात मला उभं करता येईल का, हे तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

५ डिसें.
संध्याकाळ. सुमन चपला घालून उंबऱ्यावर बसली आहे. मघाशी बाईंचा फोन वाजला, उचलला नाही. तिनं मान वळवून मला म्हटलं, "दादा, सोडता का घरापतोर? आमचं मालक वाट बघत असतील. तुमी बी या की, च्या घेऊन जावा."
स्कूटरची किल्ली हातात आहे. देवापुढचा दिवा अजून लावलेला नाही.